सोमवार सकाळचा पांढरा डबा

आवाज थोडा बसलाय, सांभाळून घ्या. मी परळीचा, काम ओटी टेक्निशियनचं. भूलतज्ज्ञांच्या बाजूला यंत्र तपासत जो उभा असतो ना, तो मी.

भूलयंत्रावर एक पांढऱ्या खड्यांचा डबा असतो, अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात त्याला. आत काय असतं? पानटपरीवरचा चुना! म्हणजे बराचसा तोच. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर घातली होती, आठवतंय? निवळी दुधाळ झाली ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. डब्यातही तेच घडतं. खड्यांत तीन चतुर्थांशाच्या आसपास चुना, थोडा कॉस्टिक सोडा आणि साधारण 15 टक्के पाणी. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेशंटकडे दोन नळ्या जातात. एकीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर, आणि दोन्हीकडे एकेरी झडपा. आपल्या गावात वन-वे कुणी पाळत नाही, इथे पाळावाच लागतो. बाहेर आलेल्या श्वासात जेमतेम 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. उरलेल्यात ऑक्सिजन असतो, भुलीचं महागडं औषध असतं. ते कशाला वाया घालवायचं? खडे कार्बन डायऑक्साइड पकडतात, बाकीचं परत पेशंटला. या क्रियेत उष्णता निघते, म्हणून चालू केसमध्ये डबा कोमट लागतो. गार लागला की मला शंका येते.

खडे संपत आले की जांभळे होतात. इथेच मी फसलो होतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं, हॉस्पिटलचं नाव नको. शनिवारी रात्री उशिरापर्यंत केस चालली. खडे जांभळे झालेले मी पाहिले आणि म्हटलं, सोमवारी बदलू. सोमवारी बघतो तर पांढरेशुभ्र! वाटलं, रविवारी कुणीतरी बदलले. केस सुरू झाली. थोड्या वेळाने कॅप्नोग्राफची रेघ खाली शून्याला टेकेना. ऑक्सिजन मात्र 100 दाखवतोय. पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत आत ओढत होता. मॅडमनी ताज्या वायूचा प्रवाह वाढवला, रेघ खाली आली, पेशंट नीट उठला. मॅडम मला एक शब्दही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

झालं असं, की खडे पडून राहिले की रंग उतरतो, पण ताकद परत येत नाही. म्हणून आता मी डब्यावर बदलल्याची तारीख मार्करने लिहितो आणि रंगापेक्षा रेघेवर विश्वास ठेवतो.

आता ते पाणी. ऑक्सिजनचा नॉब रविवारभर चालू राहिला, तर कोरडा वायू खडे सुकवून टाकतो. अशा खड्यांवर डेसफ्ल्युरेन किंवा आयसोफ्ल्युरेन गेलं तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव घेणारा तोच वायू. बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला तो ओळखू येत नाही, आकडा छानच दिसत राहतो. त्यामुळे नॉब चालू सापडला, की खडे कितीही पांढरे असोत, मी टाकून देतो. हल्ली कॉस्टिक सोडा नसलेले खडेही मिळतात, त्यांत हा धोका फारच कमी.

नवीन खडे भरले की रबरी रिंगवरची भुकटी पुसायची. सर्किटमध्ये 30 सेंटिमीटर पाण्याइतका दाब भरायचा आणि 10 सेकंद काट्याकडे बघत राहायचं. काटा उतरला तर डबा पुन्हा खोलायचा. बहुतेक वेळा एखादा खडा रिंगेत अडकलेला सापडतो.