इंग्रजीतली माफी : एक की अनेक?

इंग्रजीच्या तासाला हमखास निघणारा एक प्रश्न आज मी आपल्यापुढे घेऊन आलो आहे. दिसायला तो अगदी लहान आहे. इंग्रजीत माफी मागताना ‘माय अपॉलॉजी’ म्हणायचे की ‘माय अपॉलॉजीज’? चूक एकच झाली असेल तर माफी अनेकवचनात कशी? वर्गातला एखादा चौकस मुलगा असे विचारतो आणि मास्तर म्हणतात, “अरे, तशी पद्धत आहे.” उत्तर खोटे नाही; पण तेवढ्यावर पोराचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

मला वाटते, या पोराला इंग्रजीकडे नेण्याआधी घटकाभर मराठीतच थांबवावे. त्याला विचारावे, “बाळ, तू कधी कोणाचा आभार मानलास का?” तो हसेल. आभार नेहमी मानले जातात. आभार मानला, असे कोणी म्हणत नाही. शेजाऱ्याने पेरणीच्या वेळी एकदाच बैलजोडी दिली, तरी आपण त्याचे आभार मानतो आणि त्याचे उपकार स्मरतो. हे अनेकवचन मोजदादीसाठी आलेले नाही. ते अदबीचे आहे, भरघोसपणाचे आहे. वडील एकटेच घरी आले तरी आपण ‘बाबा आले’ म्हणतो ना, त्यातलाच हा प्रकार.

इंग्रजीतले शिष्टाचाराचे पुष्कळसे शब्द असेच अनेकवचनी आहेत. ‘थँक्स’ घ्या, ‘काँग्रॅच्युलेशन्स’ घ्या, पत्राच्या शेवटचे ‘रिगार्ड्स’ घ्या, दुखवट्याच्या पत्रातले ‘कंडोलन्सेस’ घ्या. ‘अपॉलॉजीज’ याच पंगतीत बसतो. आपला मुलगा अडखळतो तो एवढ्यासाठीच, की मराठीत आभार अनेक असले तरी माफी मात्र एकच असते. ‘माफ्या मागितल्या’ असे कोणी म्हटले तर त्यात थट्टेचा वास येतो.

तेव्हा ‘माय अपॉलॉजीज’ हा शिष्टाचार झाला. सभेला यायला पाच मिनिटे उशीर झाला, पत्राला उत्तर द्यायचे राहिले, चुकून कोणाच्या पायावर पाय पडला, की ‘माय अपॉलॉजीज’. इंग्रजी पद्धतीच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘अपॉलॉजीज फॉर ॲब्सेन्स’ असे एक कलम असते. एकच सभासद गैरहजर असला तरी ते शीर्षक बदलत नाही. कोणा कवीच्या ओळी मोडून विडंबन करणारा लेखकही वर ‘विथ अपॉलॉजीज’ असे लिहून त्या कवीचे नाव घालतो. आता विडंबनकाराला कितपत पश्चात्ताप झालेला असतो, हे आपण जाणतोच!

पण एकवचन आले की हवा पालटते. ‘आय ओ यू ॲन अपॉलॉजी’ म्हणजे मी तुमची एक माफी देणे लागतो. शब्द पाहा, ‘ओ’ म्हणजे देणे असणे, कर्ज असणे. इथे माफी ही मोजता येण्याजोगी वस्तू झाली. ती कोणी द्यायची, कोणाला द्यायची, कशाबद्दल द्यायची, हे ठरलेले आहे. ‘लेखी माफी’, ‘जाहीर माफी’ या अर्थी इंग्रजीत बहुधा ‘ॲन अपॉलॉजी’च येते. व्याकरण दोन्ही रूपांना मोकळीक देते, आणि मनापासूनची माफी अनेकवचनातही मागता येते, हे खरे. ‘प्लीज ॲक्सेप्ट माय अपॉलॉजी’ आणि ‘माय अपॉलॉजीज’, दोन्ही शुद्धच. एका रूपाला गुण देऊन दुसऱ्यावर तांबडी रेघ ओढणे हा अन्याय आहे. तरी सामान्यतः अनेकवचन शिष्टाचाराकडे झुकते आणि एकवचन जबाबदारीकडे.

हा भेद पुस्तकी नाही. 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणेच 379 माणसे मेली. त्याला शंभर वर्षे पुरी होण्याच्या तीन दिवस आधी, 10 एप्रिल 2019 रोजी, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे पार्लमेंटात या विषयावर बोलल्या. त्यांनी ‘रिग्रेट’ हा शब्द वापरला, म्हणजे खेद. ‘अपॉलॉजी’ हा शब्द त्यांनी दिला नाही. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथेच पूर्ण आणि स्पष्ट अशा माफीची मागणी केली. मागितली ती ‘अपॉलॉजी’, एकवचनी. खेद वाटणे ही मनाची अवस्था आहे. दुसऱ्याच्या हातून घडलेल्या गोष्टीचाही खेद वाटू शकतो. ‘ॲन अपॉलॉजी’ देणाऱ्याला मात्र ‘हे आमच्याकडून घडले’ असे म्हणावे लागते.

मराठीत हेच काम आपण दोन शब्दांनी करतो. ‘दिलगिरी व्यक्त केली’ आणि ‘माफी मागितली’ यांत किती अंतर आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

कॅनडाचे उदाहरण याहून बोलके आहे. 1914 साली ‘कोमागाटा मारू’ हे जहाज 376 हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हरला गेले. उतारूंत बहुतेक शीख होते. दोन महिने जहाज बंदरात अडवून बहुतेकांना परत धाडले. 2008 साली पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी एका जाहीर मेळाव्यात याबद्दल माफी मागितली. तिथल्या पुष्कळ शीख मंडळींनी ती मान्य केली नाही. माफी हवी ती पार्लमेंटात, सरकारी नोंदीवर, असे त्यांचे म्हणणे. शेवटी 18 मे 2016 रोजी जस्टिन ट्रूडो यांनी ती पार्लमेंटात मागितली. एक माफी, एक तारीख, एक जागा! नुसत्या शिष्टाचारासाठी कोणी इतकी वर्षे भांडत नाही.

जाता जाता या शब्दाच्या घराण्याविषयी. ‘अपॉलॉजी’ मूळचा ग्रीक, आणि तिथे त्याचा अर्थ माफी नव्हेच. तो आहे बचावाचे भाषण. इसवी सनापूर्वी 399 मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे सॉक्रेटिसाने जे भाषण केले, ते सांगणाऱ्या प्लेटोच्या ग्रंथाला इंग्रजीत ‘अपॉलॉजी’ म्हणतात. त्यात सॉक्रेटिस कोणाची क्षमा मागत नाही. उलट आपली बाजू ठणकावून मांडतो. सर फिलिप सिडनीचा 1595 साली छापलेला ‘ॲन अपॉलॉजी फॉर पोएट्री’ हा निबंधही कवितेचा कैवार घेणारा आहे. परीक्षेत कोणी त्याचे भाषांतर ‘कवितेबद्दल क्षमायाचना’ असे केले तर बिचाऱ्या सिडनीला काय वाटेल!

राहिला ‘सॉरी’. तो नाम नव्हे, विशेषण आहे, म्हणून त्याला वचनाचा प्रश्नच नाही. ‘मेनी सॉरी’ लिहिणाऱ्या मुलांना एवढेच सांगावे. ‘इन्कन्व्हीनियन्स’ म्हणजे गैरसोय. माफीच्या वाक्यात तो शब्द एकवचनीच ठेवतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. मुलांकडून दोन पत्रे लिहून घ्यावीत. पहिले, मित्राच्या पत्राला उशिरा उत्तर पाठवल्याबद्दल. दुसरे, आपल्या चेंडूने शेजारच्या काकूंच्या घराची काच फुटल्याबद्दल. कोणत्या पत्रात कोणते वचन येते ते पाहावे, आणि काच कोण भरून देणार, हे दुसऱ्या पत्रात लिहिले आहे की नाही, तेही पाहावे.