पावसातली ऑर्डर आणि थंडीतला बांबू



 वसई-विरारमधल्या या हस्तकारागीर संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी व्यवसायाचा सर्वांगीण आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. माती, सूत, लाकूड, रंग या प्रत्येकाबद्दल बोलण्यासारखे आहे आणि वेळ उरला तर बोलेनही. पण गेली कित्येक वर्षे एक गोष्ट मनात डाचते आहे, ती आज या व्यासपीठावरून बोलायचीच असे ठरवून आलो आहे. आपण प्रदर्शनात ‘स्थानिक’ अशी पाटी लावतो आणि कच्चा माल आणायला मात्र मुंबईच्या घाऊक बाजाराची वाट धरतो. कारण विचारले की एकच उत्तर मिळते: जवळचा पुरवठादार भरवशाचा नाही. हे उत्तर मला मान्य नाही. तो भरवशाचा राहू नये अशीच आपली खरेदीची पद्धत आहे, असे माझे म्हणणे आहे आणि ते मी बांबूच्या आधारे मांडणार आहे, कारण आपल्या पालघर जिल्ह्यात ही गोष्ट बांबूत सर्वांत स्पष्ट दिसते.

सकाळच्या चर्चासत्रात आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या बांबूला नावे ठेवली गेली. आकाशकंदील विकून महिना होत नाही तोच कामट्यांना भोके पडतात, खाली मैद्यासारखी भुकटी साचते आणि गिऱ्हाईक माल परत आणून देते. तक्रार खरी आहे. पण ती भुकटी येते कुठून? बांबूत पिष्ट साठलेले असते आणि पोखरणारा भुंगा त्या पिष्टासाठी येतो. पावसाळ्यात बांबूच्या बेटात नवे कोंब फुटतात. ज्यांना आपण वास्ते म्हणतो आणि आवडीने भाजी करतो तेच हे कोंब. त्या दिवसांत कापलेला बांबू ओला असतो आणि लवकर किडतो, शिवाय कापणाऱ्याच्या पायाखाली कोंब तुडवले जाऊन पुढच्या वर्षीचे बेटही उणे होते. कापणीचा खरा हंगाम थंडीचा. त्यातही तीन वर्षांचा जून बांबूच घ्यायचा: पेरांवरचे पापुद्रे गळून गेलेले, हिरवी झळाळी उतरलेली, अंगावर बुरशीचे फिकट डाग पडलेले. तो जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या वर कापायचा, काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा किंवा बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवायचा आणि सावलीत सुकवायचा. हे सगळे केले तर त्याच जव्हारचा बांबू वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या वाडवडिलांच्या घरातली सुपे आणि कणग्या पिढीभर टिकल्या त्या काही परदेशी बांबूच्या नव्हत्या.

आता आपल्या ऑर्डरी कधी निघतात ते पाहा. राख्या, गणपतीची मखरे, आकाशकंदील हा आपला मोठा धंदा, म्हणून आपल्याला बांबूची आठवण होते ज्येष्ठ-आषाढात. भर पावसात फोन जातो, आठ दिवसांत माल हवा म्हणून तगादा लागतो. पुरवठादार समोर उभा असेल तो बांबू तोडतो, कोवळा-जून पाहत नाही, ओलाच टेम्पोत भरून मनोरमार्गे हमरस्त्याला लावतो. बांबू किडला की आपण म्हणतो, स्थानिक माल वाईट. हा दोष बांबूचा नाही, बांबू तोडणाऱ्याचाही नाही; तो आपल्या ऑर्डरीच्या तारखेचा आहे.

कोणी विचारील, मग तिथल्या माणसांनी थंडीत बांबू कापून का ठेवू नये? कारण थंडीत ती माणसे गावात नसतात. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे रिकामे होऊ लागतात. कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबे पोराबाळांसह वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भातकापणी संपलेली असते, हाताला दुसरे काम नसते आणि भट्टीमालकाने सणाच्या आधीच उचल दिलेली असते. म्हणजे बांबू कापण्याचा जो एकमेव योग्य काळ, त्या काळातली मजुरी भट्टीवाल्याने आगाऊ विकत घेऊन ठेवलेली असते. तो वेळेवर पैसा देतो आणि आपण देत नाही. भट्टीवरचे जिणे त्यांना आवडते म्हणून ती जात नाहीत. विक्रमगड तालुक्यातल्या आदिवासी बायकांनी बांबूच्या राख्या आणि कंदील करून दाखवले आहेत. कौशल्याची वाण तिथे नाही. वाण आहे ती कार्तिकात हातात पडणाऱ्या रोख रकमेची.

यावर एक आक्षेप मी अत्यंत गंभीरपणे घेतो. उचल देणे म्हणजेच वेठबिगारीला दार उघडणे, असे काही सहकारी म्हणतात. त्यांची भीती साधार आहे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, तरी याच वसई तालुक्यातल्या उसगावहून श्रमजीवी संघटनेला 1980 च्या दशकात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढावे लागले, हे आपण वसईकरांनी विसरू नये. पण उचल माणसाच्या अंगावर दिली की ती बेडी होते. मालावर दिली की तो सौदा असतो. किती बांबू, कोणत्या जाडीचे, काय भावाने, कोणत्या महिन्यापर्यंत, हे कागदावर लिहावे. त्यावर व्याज नको. माल कमी आला तर हिशेब मालाचाच व्हावा, देणे कुटुंबाच्या मजुरीवर चढू नये. आणि रक्कम एकट्या-दुकट्याला न देता बचत गटाला किंवा ग्रामसभेला द्यावी, म्हणजे चार माणसांच्या देखत व्यवहार होईल.

दुसरा आक्षेप भांडवलाचा. दिवाळीला विकायच्या वस्तूसाठी दहा-अकरा महिने आधी पैसा गुंतवणे छोट्या कारागिराला परवडत नाही आणि वालीव-सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यात माणसांना उभे राहायला जागा नाही, तिथे बांबू कुठे रचायचा? अडचण खरी आहे, पण तिच्यातून सुटकाही आहे. बांबू इकडे आणण्याची घाईच काय? तो तोडणाऱ्याच्या गावात, सावलीत, आडवा रचून सुकू द्यावा. लागेल तसा उचलावा. पैशासाठी 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यातल्या 18 व्यवसायांत टोपल्या, चटया आणि झाडू करणारे आहेत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने, विनातारण मिळते. राहिला मागणीच्या अंदाजाचा प्रश्न. गणपती आणि दिवाळी दरवर्षी येतात. गेल्या साली खपला त्याच्या निम्म्या मालाचा बांबू आधी बांधून घेण्यात कसला धोका आहे?

परवान्यांचे भय आता फार दाखवू नये. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाड मानले होते, म्हणून स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायलाही आणि न्यायलाही कटकट होती. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून सुटला. जंगलातला बांबू 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज ठरला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वाहतूक परवान्याचे पुस्तक एप्रिल 2011 मध्ये हाती आले आणि ग्रामसभा बांबू विकू लागली. त्या गावाने जे झगडून मिळवले ते आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामसभांना साधायचे असेल, तर आधी त्यांच्याकडे बांधील गिऱ्हाईक हवे. ते गिऱ्हाईक होण्याची ऐपत या सभागृहात आहे.

आणि शेवटी उधारीचे. मोठी दुकाने आपले पैसे सहा-सहा महिने अडकवतात म्हणून आपण दर संमेलनात ठराव करतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, हे कलम आपल्याला तोंडपाठ आहे. बांबू तोडणाऱ्याची कुठे नोंदणी नसते, तो या कायद्याचे बोट धरून आपल्या दारात येणार नाही. म्हणून आपण त्याला ‘माल खपला की देतो’ असे सांगतो. वरच्याकडून जो न्याय मागतो तो खालच्याला नाकारणाऱ्यांच्या ठरावाला मी तरी सही करणार नाही.

सामायिक साठवणीची जागा, बांबू मुरवण्याच्या टाक्या, भावाचा छापील नमुना-करार ही कामे संमेलनाच्या समितीने हाती घ्यावीत. तपशील समिती ठरवील. तोवर थांबायचे कारण नाही. या दिवाळीचे कंदील विकून गल्ल्यात जो पैसा येईल, त्यातला एक भाग कार्तिक लागताच, लेखी कागदासह, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पोचवा. भट्टीचा ट्रक दारात येण्यापूर्वी पोचवा.