सावरीच्या कापसाचे हेडिंग



काळी नदीवरच्या सुपा धरणालगत, गणेशगुडीसारख्या ठिकाणी आयात-निर्यातीच्या व्यवसायातली माणसे जमतात, तेव्हा चर्चेला रानातलाच जिन्नस घ्यावा हे उचित. जोयडा तालुक्यात काटेसावर सर्वांच्या ओळखीची. उन्हाळ्यात तिची बोंडे उकलतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. उशा भरायला तो पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. याच कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस जावा बेटावरून गासड्यांत बांधून जगभर गेला. व्यापारात त्याला कपोक म्हणतात.

कपोक कापूसच, मग सीमाशुल्काच्या दरपत्रकातले शेतातल्या कापसाचे हेडिंग त्याला का लावू नये, असा प्रश्न नवा आयातदार हमखास विचारतो. उत्तर चिमटीत सापडते. शेतातल्या कापसाच्या धाग्याला अंगचा पीळ असतो, म्हणून एक धागा दुसऱ्याला धरतो आणि सूत निघते. सावरीचा तंतू गुळगुळीत, मेणचट आणि आतून पोकळ. पीळ द्यायला जावे तर बोटांतून निसटतो, पाण्यात टाकला तर तरंगतो. सुतासाठी तो दुबळा, पण भरणीसाठी उत्तम. एके काळी जीवरक्षक जाकिटे त्यानेच भरत. १९४२ मध्ये जपानने जावा घेतले, तेव्हा अमेरिकेला कपोक मिळेनासा झाला आणि आपल्या रुईच्या कुळातल्या एका रानटी झाडाच्या शेंगा तिथल्या शाळकरी मुलांकडून गोळा करून घ्याव्या लागल्या.

म्हणून कापूस ५२व्या प्रकरणात, ५२०१ला, आणि कपोक १४व्या प्रकरणात. या प्रकरणाची पहिलीच टीप सांगते की, जे वनस्पतिजन्य तंतू मुख्यत्वे कापड-उद्योगात वापरले जातात, ते इथे येत नाहीत. सगळा वाद त्या ‘मुख्यत्वे’भोवती फिरतो. काथ्याचेच पाहा. तोही गादीत भरतात, पण त्याचा मुख्य धंदा दोर, चटया आणि पायपुसणी यांचा, म्हणून काथ्याचा तंतू ५३०५ला जातो. एखादी गासडी गादीच्या कारखान्यात निघाली आहे, एवढ्यावर तिचे हेडिंग बदलत नाही. तो तंतू व्यापारात एरवी कशासाठी ओळखला जातो, ते पाहावे लागते. भरून, शिवून तयार झालेली गादी किंवा उशी मात्र थेट ९४०४ला.

बाजाराची समज कायद्यात किती मोलाची, हे अकोल्याच्या एका खटल्याने दाखवून दिले. विड्याचे पान ही भाजी आहे का, असा तो विक्रीकराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली न्यायालयाने सांगितले की, शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून नव्हे, रोजच्या वापरातून घ्यायचा. पान भाजी ठरले नाही. हा निकाल आजही वर्गीकरणाच्या वादांत आधाराला येतो.

भरणीच्या तंतूंना पूर्वी स्वतःचे हेडिंग होते, १४०२. कपोक, खुज्या ताडाच्या पानांपासून काढलेला ‘वनस्पती-केस’ आणि समुद्रगवत यांची त्यात नावानिशी नोंद होती. व्यापार रोडावल्यामुळे जागतिक सीमाशुल्क संघटनेने १ जानेवारी २००७पासून ते काढून टाकले आणि हा माल १४०४ ९०मध्ये गेला. आपल्याकडे त्याच घरात तेंदूपत्ता आहे, नारळाची करवंटी आहे, रुद्राक्षही आहे. अशा गर्दीत भरणीचा तंतू हरवतो. ही सोय आकडेवारी ठेवणाऱ्यांची झाली. ज्यांना हा माल ओळखून सोडवायचा आहे, त्यांचे काम त्यामुळे अवघड झाले.

२०११पासून शुल्काची स्वयं-आकारणी आली आहे. हेडिंग बरोबर लावण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची. तरीही बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रावर, नुसते ‘वनस्पतिजन्य तंतू’ लिहून मोकळे होण्याची सवय सुटत नाही. ती घातक आहे. चूक पुढे सापडली, तर फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागते.

तेव्हा या सभेला एवढीच विनंती आहे. वर्णनात झाडाचे नाव घाला. सरकी काढली आहे की नाही, तंतू पिंजलेला आहे की कच्चा, सुटा आहे की थर करून आलेला, हे लिहा. मालाचा नमुना जपून ठेवा. शंका असेल तर माल बोटीत चढण्याआधीच मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा.