पाहुणे शब्द, घरचे शब्द



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मुख्याध्यापकांच्या हाताखाली मी उमेदवारीची दोन वर्षे काढली. मूळचा मी डिचोलीचा. नोकरीसाठी पेडण्यास आलो. नुकताच मराठी विषय घेऊन पदवीधर झालो होतो आणि भाषाशुद्धीचे वारे अंगात भिनले होते. एका मुलाने आपल्या घरावर निबंध लिहिला. त्यात बादली, चावी, पगार, मेस्त्री, पाव असे शब्द होते. प्रत्येकाखाली मी तांबडी रेघ ओढली आणि शेवटी शेरा मारला : 'परकीय शब्द टाळून शुद्ध मराठी लिहावे.'

ती वही मुख्याध्यापकांच्या हाती पडली. त्यांनी मला बोलावले आणि अगदी शांतपणे विचारले, "मास्तर, हा 'शेरा' कुठला हो?" मी गप्प. "अरबी. कागद फारसी, शाई फारसी, दौत अरबी. हे सारे पाहुणे बाहेर काढले, तर तुमचे शुद्ध मराठी लिहायचे कशाने आणि कशावर?"

त्या दिवशी मी जे शिकलो, त्याचाच विस्तार आज आपल्यापुढे करणार आहे.

प्रथम 'मास्तर' आणि 'मेस्त्री' हेच शब्द घ्या. 'मेस्त्री' पोर्तुगीजांकडून आला, 'मास्तर' इंग्रजांकडून. परंतु दोघांचे मूळ लॅटिनमधील 'माजिस्तेर' या एकाच शब्दात आहे. म्हणजे गवंडीकाम करणारा मेस्त्री आणि मुले घडवणारा मास्तर हे नात्याने सख्खे भाऊ. त्या मुलाचा 'मेस्त्री' मी खोडला, पण स्वतःला 'मास्तर' म्हणवून घेण्यात मला काहीच गैर वाटत नव्हते!

दुसरा शब्द 'तुरुंग'. पोर्तुगीज भाषेत 'त्रोंकु' म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडी साधनालाही तेच नाव पडले आणि पुढे बंदिशाळेलाही. त्याचाच आपण तुरुंग केला. गंमत अशी की, मराठीनेही स्वतंत्रपणे हीच वाट धरली होती : झाडाचे 'खोड' आणि कैद्याच्या पायातला 'खोडा'. एकमेकांची ओळखही नसलेल्या दोन भाषांनी एकाच झाडापासून एकच शिक्षा तयार करावी, हा मनुष्यस्वभावाचाच पुरावा म्हणायचा.

आता आपल्या ताटाकडे वळू. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्या काळी महाराष्ट्रात मिरची नव्हती, बटाटा नव्हता आणि भुईमूगही नव्हता. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तो 1492 मध्ये. त्यानंतरच ही मंडळी जहाजात बसून आपल्याकडे आली. आज आपण एकादशीला काय खातो? साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाटा, रताळे, हिरवी मिरची. ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा बनतो, तोही दक्षिण अमेरिकेचा. आपले सर्वांत सोवळे ताट जवळजवळ सगळे समुद्र ओलांडून आलेले आहे! त्यातही 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा आणि त्याचा मूळ अर्थ रताळे. म्हणजे पाहुणा आला, तो शेजाऱ्याच्या नावावर!

आपल्या डोंगरावरचा काजू ब्राझीलचा. त्याचे नावही तिथल्या तुपी भाषेतले. ज्याला आपण फळ समजून चोखतो, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने केवळ फुगलेला देठ. खाली लोंबणारी बी हेच खरे फळ. मानकुराद आंब्याचे नाव 'वाईट रंगाचा' या अर्थाच्या 'माल्कोरादा' या पोर्तुगीज शब्दावरून आले, असे मानतात. ज्याच्या रंगाला नावे ठेवली, त्यालाच गोमंतकाने आंब्यांचा राजा केले.

मात्र प्रत्येक साम्यावर विश्वास ठेवू नये. कोकमाचे शास्त्रीय नाव 'गार्सिनिया इंडिका'. 1563 मध्ये गोव्यातच आपला औषधीविषयक ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ताच्या गौरवार्थ ते ठेवले, असे अनेकांना वाटते. ते तसे नाही. ते नाव लोराँ गार्सँ या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आले आहे. शब्दाची व्युत्पत्ती सांगताना मोह आवरावा लागतो, तो असा.

आता आपल्याच गावांच्या नावांकडे या. पेर्नेम, बिचोलिम, मोरजिम, मयेम. या नावांच्या शेवटी हा 'म' कुठून आला? पोर्तुगीज लिपीत अशा शब्दांच्या शेवटी 'एम' हे अक्षर लिहितात, पण त्याचा उच्चार करत नाहीत. आधीचा स्वर नाकातून काढावा, एवढीच ती खूण. म्हणजे तो आपला अनुस्वार! 'पेडणें' हे नाव ऐकणाऱ्या लेखनिकाजवळ 'ड' नव्हता, म्हणून त्याने 'र' लिहिला. अनुस्वारासाठी 'एम' लिहिला. त्याने आपले काम चोख केले. चूक पुढे वाचणाऱ्यांनी केली. त्याहून मोठी चूक ही की, आपलीच मुले आता 'पेर्नेम' हे खरे नाव आणि 'पेडणे' हे आजीच्या तोंडचे अशुद्ध नाव समजू लागली आहेत.

1684 मध्ये एका फर्मानाने गोव्यातील लोकांना तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्मावले होते. पेडणे तेव्हा त्या सत्तेखाली नव्हते. ते 1788 मध्ये गेले. 1961 मध्ये सत्ता गेली. आपली भाषा राहिली आणि त्यांचे शब्दही तिच्यातच राहिले. हुकमाने भाषा मरत नाही; ती मरते बोलणाऱ्याला तिची लाज वाटू लागली म्हणजे.

म्हणूनच त्या निबंधाचा शेवट मला सांगितला पाहिजे. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून मी त्या मुलाची क्षमा मागितली. तरी पुढे वर्षभर त्याने चार ओळींहून मोठा निबंध लिहिला नाही. माझी तांबडी रेघ शब्दांखाली नव्हे, त्याच्या घराखाली ओढली गेली होती.

आपल्या मोरजी आणि मांद्रेच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली की माद्या अधिक. त्यांतल्या माद्या मोठ्या झाल्यावर सहसा आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरातच परततात. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातील ऊब आपल्या हाती आहे. मुलांनी जगभर पोहावे, पण परतण्याजोगा किनारा त्यांच्या मनात राहील एवढे आपण पाहावे.

 आता आपली रजा घेतो. 'रजा' हा शब्दही अरबीच. पण निरोप मात्र घरचा आहे.