झोपेत दात खाणं आणि मोबाइलवरचे उपाय

मूल झोपेत करकर दात खायला लागलं, की अकलूज-माळशिरसकडच्या घरांत निदान ठरलेलं असतं: पोटात जंत झालेत. हेच आता मोबाइलवरच्या व्हिडिओतून छातीठोकपणे सांगितलं जातं. जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांना जरूर द्यावी, पण ती जंतांसाठी. जंतांमुळे मुलं दात खातात, हे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. यावर कुणी म्हणेल, आमच्या मुलाला तर गुण आला. तो खोटं बोलत नाही. बहुतेक मुलांचं दात खाणं वय वाढेल तसं आपोआप कमी होतं, आणि त्या काळात जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. असे शेकडो अनुभव खरे असले, तरी त्यांतून औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

मोठ्यांसाठीच्या माहितीत चुकीच्या वाक्यापेक्षा अर्धवट वाक्य जास्त फसवतं. रात्री दातांवर बसवायच्या पट्टीचं, म्हणजे नाईट गार्डचं, उदाहरण घ्या. 2007 साली कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात उपलब्ध चाचण्या तपासल्या गेल्या. पट्टीनं दात खाणं थांबतं, असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. दातांची झीज रोखायला मात्र तिचा उपयोग होऊ शकतो. विकणारा झीज रोखण्याचं सांगत नाही, दात खाणं थांबण्याची हमी देतो. उपचारांची अशी माहिती तपासण्यासाठी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1999 साली ‘डिसर्न’ नावाची 16 प्रश्नांची कसोटी मांडली. उपचार केलाच नाही तर काय होईल, धोके कोणते, खात्रीनं काय सांगता येत नाही, हे माहितीत आहे का, असं ती विचारते. मराठीत आरोग्यावर बोलणाऱ्या प्रत्येकानं एवढं तरी सांगायलाच हवं.

दवाखान्यात जायचं तर दिवसाचा रोजगार बुडतो, मोबाइल हाताशी असतो, ही अडचण खरी आहे. म्हणूनच हातातली माहिती चोख हवी. दात कानशीनं घासून चावा ‘जुळवण्याचा’ सल्ला कुणी ऐकला, तर गेलेलं दंतवल्क पुन्हा येत नाही. शिवाय घोरताना श्वास अडकणं, तंबाखू, दारू, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांचाही दात खाण्याशी संबंध असू शकतो, आणि व्हिडिओ हे काही विचारत नाही. सकाळी जबडा आखडत असेल, दात झिजलेले दिसत असतील, तर दंतवैद्याकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि रात्री शेजारी झोपणाऱ्यालाही बरोबर घ्या.