स्कूटरवरून कॅसेट विकणारा रेमो

आजचा भाग जांब समर्थमधून. तुमच्यातले बरेच जण फोनवर गाणी बनवतात, मला माहितीये. आणि मनात एक रुखरुख असते: आपण घनसावंगी तालुक्यात, गाण्याचं सगळं मुंबईत, आपल्याला कोण विचारणार? म्हणून आज रेमो फर्नांडिसची गोष्ट.

रेमो गोव्याचा, जन्म १९५३ चा. मुंबईत जे.जे.ला आर्किटेक्चर शिकला, 'द सॅव्हेजेस' या रॉक बँडमध्ये गायला. मग युरोप आणि उत्तर आफ्रिका भटकून आला. म्हणजे मुंबईत राहायची सोय होती, बाहेरचं जगही बघितलं होतं. तरी गडी परतला गोव्यात, शिवोलीला.

१९८४ साली त्याने 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरीच केला. चार ट्रॅकचं साधं रेकॉर्डर. गिटार त्याची, बासरी त्याची, आवाजही त्याचाच. कंपन्यांना त्यात रस नव्हता. मग हा स्वतः स्कूटरवर कॅसेट लादून दुकानोदुकानी फिरला! आज आपण लिंक पाठवतो ना ग्रुपवर, तेच काम. फक्त पेट्रोल टाकून.

आता त्याचं 'फ्यूजन' बघा. गोव्यात चर्चचं संगीत, कोकणी मांडो, पोर्तुगीज गाणी हे सगळं कानावर पडतच असतं. त्यात रॉक मिसळला. इंग्रजी, कोकणी, हिंदी, पोर्तुगीज, सगळ्यांत गायला. मिसळायला बाहेरून काही आणावं लागलं नाही, बरंचसं अंगणातच होतं. १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक' तर ड्रग्जविरुद्ध होता, म्हणजे विषयही घराजवळचाच. पुढे रहमानच्या 'बॉम्बे'मध्ये त्याचा आवाज देशभर पोचला. २००७ ला पद्मश्री मिळाली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. एकट्याने खोलीत अख्खा अल्बम करता येतो, हे सिद्ध केलेला माणूस परत स्टेजवर आला. बँड बांधला, नाव ठेवलं 'मायक्रोवेव्ह पापडम्स'! एकट्याची गाणी आता दुसऱ्यांच्या हातात द्यायची, समोरच्या गर्दीप्रमाणे वाढवायची, थांबवायची. खोलीत चूक झाली की पुसता येते. स्टेजवर ती निभावून न्यावी लागते.

आणि हे जांबच्या पोरांना मी काय सांगू? समर्थ इथेच जन्मले, १६०८ साली. गणपतीत आपण म्हणतो ती आरती त्यांचीच मानली जाते. कॅसेटचा पत्ता नव्हता तेव्हा ती कितीतरी पिढ्या कशी टिकली? टाळ वाजवत, एकमेकांसमोर म्हणून. कुणी बेसूर म्हटली, कुणी कडवं विसरलं, तरी टिकली.

तेव्हा एक काम करा. फोनमध्ये पडून असलेलं तुमचं एक गाणं या आठवड्यात चार माणसांसमोर म्हणा. पारावर म्हणा, गच्चीवर म्हणा. माइक नको, ट्रॅक नको. लोक कुठे मान डोलावतात आणि कुठे मोबाइल काढतात, तेवढं बघा. नंतर गाणं दुरुस्त करा.

भेटू पुढच्या भागात!