उत्तर जपानचा शरद आणि एका दिवसाची पायवाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत इतिहास, संगीत, संतवाङ्मय असे भारदस्त विषय असताना मी पायी भटकण्याविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या मंडळातील अनेक घरांतली मुले आज जपानात नोकरीस आहेत आणि त्यांचे आईवडील ऑक्टोबरात तिकडे जाण्याचे बेत करीत असतात. सेन्दाई शहरी मी काही वर्षे नोकरीनिमित्त राहिलो असल्याने ‘रंगीत पाने पाहायला कोठे जावे?’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. माझे उत्तर असे की, प्रश्नच थोडा चुकला आहे. ‘कोठे’ हे मागाहून. आधी ‘कोणत्या तारखेस’ आणि ‘किती उंचीवर’ हे विचारावे.

आपल्याकडे पानगळ शिशिरातली, आणि ऑक्टोबर म्हणजे उकाड्याचा महिना. उत्तर जपानात मात्र पाने रंगतात ती शरदात. रात्रीचे तापमान आठ अंशांच्या खाली उतरू लागले की पानांतले हिरवे द्रव्य विरते आणि पिवळे उघडे पडते. काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. डोंगरात शंभर मीटर चढावे तर गारवा सुमारे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक वाढतो. त्यामुळे रंग प्रथम माथ्यावर येतो आणि दिवसामागून दिवस खाली उतरत उतरत महिन्याभराने दरीत पोहोचतो. साकुराचा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढतो, पानांचा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि माथ्यावरून पायथ्याकडे येतो. आओमोरी, इवाते, अकिता, मियागी, यामागाता आणि फुकुशिमा या सहा प्रांतांच्या तोहोकू प्रदेशात फिरावयाचे तर एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

ते मी कसे शिकलो, हे सांगण्यात थोडी लाज आहे. आमच्या मातोश्री सत्तरीत असताना तीन आठवड्यांसाठी आल्या होत्या. मी एका दिनदर्शिकेवर कुरिकोमा पर्वताचे चित्र पाहिले होते: सगळा उतार जणू शेंदूर आणि हळद उधळल्यासारखा. उंची १६२६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून (१६४६ मीटर) किंचित कमी. सहकाऱ्याच्या मोटारीने ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही वरच्या वाहनतळापर्यंत गेलो. तेथे धुके, बोचरा वारा आणि काड्या. एकही पान नाही! चित्रातला रंग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभीचा होता. मातोश्री शाल आवळून म्हणाल्या, “अरे, झाडं खाली लाल होती की. आपण वर कशाला आलो?”

पुढे कितीतरी मार्गदर्शिका चाळल्या, पण या वाक्यापेक्षा अधिक काही त्यांत सापडले नाही.

त्यांच्या परतीला दहाच दिवस उरले होते. पुढल्या आठवड्यात मी रंग जेथे उतरून आला असेल तेथे, म्हणजे आओमोरीतील ओइरासे ओढ्याकाठी, त्यांना नेले. तोवादा सरोवराचे पाणी नेनोकुची येथे बाहेर पडते आणि याकेयामापर्यंत सुमारे चौदा किलोमीटर झाडीतून वाहत जाते. वाट जवळजवळ सपाट, पाण्याला लागून. शेजारून मोटाररस्ता आणि त्यावर ठिकठिकाणी बसथांबे. दमलेल्या माणसाला कोठेही थांबता यावे, याहून मोठी सोय म्हातारपणी दुसरी नाही. बहुतेक लोक इशिगेदोपासून नेनोकुचीपर्यंतचे सुमारे नऊ किलोमीटर चालतात. आम्ही कुमोइ धबधब्यापासून चोशी ओताकी या रुंद धबधब्यापर्यंतच गेलो. चालावे ते प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे पाणी सतत सामोरे येते. सरोवराच्या मुखाशी पाणी सोडण्याचे दार असल्याने ओढ्याला मोठे पूर क्वचित येतात. म्हणून पाण्यातल्या खडकांवर शेवाळ आणि झुडपे सुखाने वाढलेली दिसतात, आणि त्या हिरव्यावर बुनाची पिवळी पाने पडत राहतात. वाटेवरचा प्रत्येक जपानी “कोन्निचिवा” म्हणून मान लववी. मातोश्री प्रत्येकाला “राम राम” म्हणत. कोणाचेही काही अडले नाही.

आता तारखांचा हिशेब. सप्टेंबरअखेर जाणार असाल तर कुरिकोमा, अथवा हाक्कोदा. हाक्कोदाला रोपवेने वर जाऊन केनाशिताइच्या पाणथळ माळावरून लाकडी फळ्यांच्या वाटेने सुकायुच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांपर्यंत उतरता येते. तेथे नानाकामादो नावाचे झाड अगदी लालभडक होते. कामादो म्हणजे चूल. सात वेळा चुलीत घातले तरी जळत नाही म्हणून हे नाव, असे सांगतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, लहान मुले बरोबर असतील तर, बान्दाइ पर्वतामागची गोशिकिनुमा तळी पाहावीत. १८८८ च्या स्फोटाने ती निर्माण झाली. तासा-सव्वा तासाची सोपी वाट आहे. नोव्हेंबरच्या आरंभी यामादेरा. १०१५ पायऱ्या आहेत खऱ्या, पण सेन्दाईहून आगगाडी पायथ्याशी जाते. १६८९ साली बाशो येथे आला होता.

उंचीच्या आकड्याने मात्र फसू नये. हाक्कोदाचे सर्वोच्च शिखर १५८५ मीटरच. पण १९०२ च्या जानेवारीत तेथे सरावास निघालेल्या २१० सैनिकांपैकी १९९ बर्फात मेले. ऑक्टोबरातही माथ्यावर हिम पडते. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, दरीत त्याआधीच अंधारते. म्हणून बसचे वेळापत्रक खालून वर वाचावे: आधी परतीची शेवटची बस, मग जाण्याची. ओल्या पानांखालच्या फळ्या शेवाळलेल्या फरशीसारख्या निसरड्या असतात.

आणि अस्वले. पूर्वी मी हे हसत सांगत असे, आता नाही. २०२५ च्या शरदात बुनाची फळे धरली नाहीत, भुकेली अस्वले गावांत शिरली, माणसे मेली, आणि अकितात सैन्याची मदत घ्यावी लागली. पिशवीला घंटा बांधावी, पहाटे व तिन्हीसांजेला चालू नये, आणि वाटेच्या तोंडाशी बंदीची पाटी दिसल्यास निमूट परतावे. ‘इतक्या लांबून आलो’ ही सबब अस्वलाला कळत नाही.

तोहोकूचा नकाशा मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर पसरून ठेवतो. ज्यांची तिकिटे निघाली आहेत त्यांनी तारीख सांगावी, आणि बरोबरच्या सर्वांत वडील माणसाचे गुडघे कसे आहेत तेही. उंची मी दाखवीन.